दीड इंच

बंदूक बघायची तर आधी डोळ्यांनी नाही,
कानांनी.
नळ्या खोडापासून सोडवायच्या,
आकड्याला दोऱ्यानं टांगायच्या
आणि बोटाच्या पेराचा एक टोला.
घुमल्या तर ठीक,
अंबाबाईच्या देवळातली लहान घंटा लांबून यावी, तशा.
बद्द वाजल्या तर मधलं झाळण सुटलंय,
मग वर कितीही नक्षी असू दे,
पाच हजार तिथंच गेले.

हे वडिलांनी शिकवलं. आम्ही शिकलगार,
तलवारीच्या धारेवरून घसरत घसरत
बारा बोअरवर आलेलो.
लक्ष्मीपुरीत दुकान, वर पाटी, पाटीवर गंज.
शिकार बंद झाली तेव्हा मी चड्डीत होतो.
आता येतात ते विकणारेच :
म्हातारा गेला, परवाना त्याच्या नावाचा,
पोरगा पुण्याला, सुनेला घरात नको,
आणि बंदुकीबरोबर फुकट एक वाघाची गोष्ट.
वाघाचे पैसे येत नाहीत, मी आधीच सांगतो.
माझ्याकडं आलेल्या प्रत्येक बंदुकीनं
दाजीपुरात एक तरी वाघ मारलाय.
एवढे वाघ असते तर गव्यांनी
राधानगरी सोडून सांगली गाठली असती.

काल कुमुदिनी इंगवले आल्या. साठीच्या.
रिक्षातून, सतरंजीत गुंडाळलेली दुनळी,
ठाण्याचा कागद पर्समध्ये चौघडी केलेला.
"किती येतील?" बसायच्या आधीच.

विलायती. हातघडणीची. नंबर जुळले
नळीवर, खोडावर, पुढच्या लाकडाखाली.
उजेडाकडं धरून आतून बघितली : उजवी आरसा,
डावीत वीतभर आत तीळतीळ गंज,
एका पावसाळ्यात कुणीतरी पुसायचं विसरलं होतं.
बिजागरीत सिगारेटचा कागद धरून मिटली,
ओढला तर फाटला. म्हणजे ढिली नाही.
घोडे खणखणीत. चाप मऊ, जरा जास्तच मऊ.
निळा रंग उडालेला, पण हात जिथं धरतो तिथंच.
असा उडालेला रंग मला चालतो.
चकचकीत करून आणलेल्या बंदुकीवर
माझा विश्वास नाही.

मग खांद्याला लावली
आणि थांबलो.
"बाई, दस्ता कापलाय की हो."
टेप लावला. दीड इंच.
मागं चामड्याची टाच,
चप्पल लाइनीतल्या कुणाच्या तरी हातची, पक्क्या टाक्याची.
कागदावर मांडून दाखवलं : पंचावन्न धरले होते,
डाव्या नळीचे सात गेले, दस्त्याचे दहा.
बाप्याच्या खांद्याला ही आता बसायची नाही.
कुणी केला असला आडमुठेपणा?

"आबांनी," त्या म्हणाल्या.
"माझ्यासाठी. चौदावं चालू होतं मला."

चिखलीच्या अंगाला, नदीच्या बांधावर
मडकी मांडायचे, राख भरून.
लागलं की राखेचा ढग उठायचा.
भावाला जमायचं नाही. भाऊ रडायचा.
एवढंच बोलल्या.

मी चहा सांगितला.
मग माझ्यातला धंदा जागा झाला.
"कापलेला तुकडा असेल का घरी कुठं?
अक्रोडाचं लाकूड आहे, शिरा जुळल्या तर असा जोडीन
की कलेक्टरच्या बापाला कळायचं नाही.
दहाचे दहा परत येतील."

"आहे की. लग्नात घेऊन आले.
स्वयंपाकघराच्या दाराला खुंटी म्हणून सरकवते,
वाऱ्यानं आपटू नये म्हणून."

"मग उद्या आणा."

त्यांनी चहा संपवला, बशीतला सुद्धा.
बंदूक उचलली. मोडून बघितली रिकामी आहे का,
मी बघितलेली असताना.
वर पंख्याकडं धरून खांद्याला लावली.
गाल लाकडावर टेकला, मान जरासुद्धा वाकडी झाली नाही.
छेचाळीस वर्षांनी,
मापात.

मग खाली ठेवली, माझ्याकडं दस्ता करून.

"अडतीसच लिहा," म्हणाल्या.
"दार आपटतं हो."